कुपीतली झोप

मिडाझोलम नावाचं एक औषध आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ते असतं, फिट थांबत नसलेल्या मुलाला देतात, आणि मरणाच्या दारात तळमळणाऱ्या माणसालाही देतात. काचेच्या कुपीत ते पाण्यासारखं नितळ दिसतं. वास्तविक ते पाण्यात विरघळायलाच नको. रक्तातून मेंदूत शिरायचं तर औषधाला चरबीशी सलगी असावी लागते, आणि ज्याची चरबीशी सलगी ते पाण्यात सहसा विरघळत नाही. ही अडचण सोडवण्याची युक्ती याच रेणूत दडलेली आहे. कुपीतलं पाणी मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात. त्या आम्लात मिडाझोलमच्या रेणूतली एक कडी उघडते आणि उघडलेला रेणू पाण्यात मिसळून जातो. सुईवाटे तो शरीरात गेला की रक्त आम्ल नसल्यामुळे उघडलेली कडी आपोआप मिटते. मिटलेला रेणू चरबीत मिसळणारा असतो, तो सरळ मेंदूत पोचतो. हॉफमन-ला रोश या कंपनीत 1970च्या दशकात हे औषध घडलं.

मेंदूत पोचल्यावर ते जे करतं, तेही तितकंच नवलाचं. मेंदूचा स्वतःचा एक शांतवणारा निरोप्या असतो, त्याचं नाव गॅबा. गॅबा पेशीवरच्या दारावर येऊन बसला की दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशीची धडपड ओसरते. मिडाझोलम हे दार स्वतः उघडत नाही. त्याच दाराच्या बाजूला जागा धरून बसतं, आणि गॅबा आला की दार एरवीपेक्षा जास्त वेळा उघडायला लावतं. म्हणजे झोपवण्याचं मूळ काम शरीराच्या स्वतःच्या गॅबाचंच; औषध त्याला फक्त हात देतं. बार्बिट्युरेट जातीची जुनी औषधं जास्त मात्रेत गॅबाची वाटही पाहत नाहीत, दार स्वतःच उघडून बसतात. म्हणून त्यांचा धोका मोठा.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मरणासन्न माणसाची कशानेच न थांबणारी तळमळ थांबवण्यासाठी त्याची शुद्ध औषधाने मुद्दाम कमी करणं, याला वैद्यकात पॅलिएटिव्ह सेडेशन म्हणतात, आणि ते करताना बहुतेक वेळा हीच कुपी फोडली जाते. ती फोडणाऱ्या हाताला आणि शेजारी उभ्या असलेल्या घरच्यांना एकच प्रश्न पडतो: आपण याला झोपवतोय, की मारतोय?

खानदेशात हा प्रश्न बहुधा दवाखान्यात पडत नाही, घरात पडतो. जळगाव-धुळ्याकडच्या कॅन्सरच्या रोग्याचा प्रवास गावोगाव सारखाच असतो. तोंडात जखम, ती भरत नाही, आधी तालुक्याला दाखवलं, मग जिल्ह्याला, मग रेल्वेने मुंबईला, ‘टाटाला नेलं’. तंबाखू-चुन्याची डबी, मिश्री, गुटखा. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर हे इथल्या घरांना अजूनही पाठ असलेलं दुखणं आहे. ऑपरेशन, शेक, केमो होतात, काही जण बरे होऊन शेतावर परततात. काहींच्या बाबतीत एके दिवशी सांगितलं जातं, “आता घरी न्या, सेवा करा.” चोपडा, यावल, पारोळा, साक्री, शिंदखेडा, कुठल्याही गावातल्या ओसरीवर मग खाट पडते. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र त्या वाक्यात नसतं.

सगळ्यांचा शेवट तळमळीत होत नाही, हे आधी सांगायला हवं. बहुतेकांची गुंगी वाढत जाते, ते दिवसाचा बराच वेळ झोपतात, आणि श्वास हळूहळू विरळ होतो. पण काहींना शेवटच्या दिवसांत वात होतो. माणूस चादर ओढतो, कपडे काढतो, अंगात ताकद नसताना खाटेवरून उठायला बघतो, मेलेल्या भावाला हाका मारतो, लेकीला ओळखत नाही आणि तिच्यावर ओरडतो. दोन-तीन रात्री अशा गेल्या की घरातले सगळे गळून जातात. कोणाला श्वास पुरत नाही. भिंतीला टेकून, तोंड वर करून तो हवेसाठी धडपडत राहतो. मानेच्या गाठीने मोठी रक्तवाहिनी पोखरली, तर क्वचित अचानक रक्ताची धार लागते. अशा रोग्याच्या खाटेशी गडद रंगाचे टॉवेल आधीच ठेवायला सांगतात, लाल, तपकिरी, हिरवे. पांढऱ्यावरचं रक्त पाहून रोग्याच्या डोळ्यांत जी भीती येते, तेवढी तरी टळावी म्हणून. ही एवढी बारीक काळजी कोणीतरी विचार करून वैद्यकाच्या पुस्तकात घातली आहे, हे मला फार मोठं वाटतं.

पण तळमळ दिसली की लगेच कुपी फोडायची नसते. या उपचाराची नीती इथेच सुरू होते, आणि ती सुरू होते अगदी साध्या, अंगाला हात लावून करायच्या तपासणीने. ओटीपोट चाचपून बघायचं. मूत्राशय तुंबलेलं असेल तर मरणोन्मुख माणूस वेड्यासारखा करतो, आणि त्याला नळी घातली की दहा मिनिटांत शांत झोपतो. शौचाला किती दिवसांत झालं नाही? रक्तातलं कॅल्शियम वाढलंय का? एखादं जुनं औषधच डोकं फिरवतंय का? ताप आहे का, तोंड कोरडं पडलंय का, एका कुशीवर पडून पाठ सोलली आहे का? वात असेल तर हॅलोपेरिडॉल, दम लागत असेल तर थोड्या मात्रेत मॉर्फिन आणि तोंडावर वारा घालणारा पंखा. होय, साधा पंखाच. गालांवर आणि नाकाभोवती वारा लागला की दम लागल्याची जाणीव खरोखर कमी होते. हे सगळं करून झालं, जाणत्याला विचारून झालं, आणि तरीही दुःख हटत नसेल, किंवा हाताशी असलेल्या वेळात हटणार नसेल, तरच ते ‘उपायांना न जुमानणारं’ ठरतं. नेथन चेर्नी आणि रसेल पोर्टनॉय या दोन डॉक्टरांनी 1994 साली ही कसोटी नीट मांडली, आणि पुढच्या जवळपास सगळ्या मार्गदर्शक सूचना तिच्यावरच उभ्या आहेत. मूत्राशय न चाचपता दिलेली झोप मला चुकीची वाटते, मग देणाऱ्याचं मन कितीही चांगलं असो.

आता खाटेच्या आणखी जवळ जाऊ. दंडावर किंवा छातीवर कातडीखाली एक बारीक सुई बसवून चिकटपट्टीने पक्की करतात. शीर शोधायची गरज नसते. सुकलेल्या अंगात शिरा सापडतही नाहीत. विजेरीवर चालणारा छोटा पंप असेल तर औषध थेंबाथेंबाने चोवीस तास जातं. सुरुवात तासाला अर्धा ते एक मिलिग्रॅम, इतकी कमी. मग थांबून बघायचं. कपाळावरची आठी गेली का? हात चादर ओढायचे थांबले का? हाक मारली तर डोळे उघडतो का? तळमळ उरली असेल तर थोडी मात्रा वाढवायची, पुन्हा बघायचं. तळमळ थांबली की मात्रा वाढवणंही थांबतं. जळगावच्या केळीच्या बागेत ठिबकने मुळाला लागेल तेवढंच पाणी देतात, तसं हे काम आहे. पाट फोडून दिल्यासारखं नव्हे. पंप नसेल तर प्रशिक्षित नर्स किंवा शिकवून तयार केलेला घरातलाच माणूस दर काही तासांनी ठरलेली मात्रा त्याच सुईतून देऊ शकतो. प्रत्येक वेळी वहीत लिहायचं: वेळ, मात्रा, माणूस कसा होता.

झोपवणं आणि मारणं यांतला फरक त्या वहीत दिसतो. आपण समजतो की हेतू मनात असतो, तो कोण बघणार? पण इथे हेतू मात्रेच्या आकड्यांत उतरतो. हेतू तळमळ थांबवण्याचा असेल तर मात्रा तळमळीच्या मागे मागे चालते, ती थांबली की थांबते. हेतू श्वास थांबवण्याचा असेल तर मात्रा श्वासाच्या मागे चालते, माणूस शांत झाल्यावरही वाढतच राहते. नेदरलँड्समध्ये 2002 पासून ठरावीक अटींवर डॉक्टरच्या हातून इच्छामरणाला कायद्याने परवानगी आहे. तिथे ते करताना गाढ बेशुद्धी आणल्यानंतर श्वासाचे स्नायू निकामी करणारं औषध देतात. तळमळ शमवण्यात त्या दुसऱ्या औषधाचं काहीही काम नसतं. मिडाझोलमच्या वहीत असं औषध कधीच येत नाही. दोन कृती बाहेरून सारख्या दिसल्या, तरी आतून किती वेगळ्या आहेत ते इथे उघड दिसतं.

एकाच कृतीचे दोन परिणाम, एक हवा असलेला, दुसरा नको असलेला पण दिसत असलेला, याचा विचार तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने स्वसंरक्षणाच्या संदर्भात केला होता. इंग्लंडमध्ये 1957 साली डॉ. जॉन बॉडकिन ॲडम्स यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्यूरीला सांगितलं, की दुःख हलकं करण्यासाठी योग्य आणि आवश्यक ते सारं करायचा डॉक्टरला हक्क आहे, जरी त्यात ओघाने आयुष्य थोडं कमी झालं तरी. आपल्याकडे तर हा विचार त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी कायद्यात आलेला आहे. भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉलेने केला, ती 1860 साली झाली, आणि तिच्या 88व्या कलमाखाली एका शल्यवैद्याचं उदाहरण दिलेलं होतं: वेदनेने पिडलेल्या रोग्यावर तो त्याच्या संमतीने शस्त्रक्रिया करतो, तीत रोगी दगावण्याचा संभव आहे हे त्याला ठाऊक आहे, पण मारण्याचा हेतू नाही, भल्याचाच आहे, म्हणून तो गुन्हा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 26 क्रमांकाने आलं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2018 साली आयुष्याच्या अखेरच्या उपचारांतल्या संज्ञांची व्याख्या केली, तीतही पॅलिएटिव्ह सेडेशनला जागा आहे.

पण दोन परिणामांचा हा सगळा युक्तिवाद बहुतेक वेळा लागतच नाही, हे त्याहून मोठं आश्चर्य. इटलीत मार्को माल्टोनी आणि सहकाऱ्यांनी हॉस्पिसमधल्या, म्हणजे मरणासन्नांची सेवा करणाऱ्या रुग्णालयांतल्या, रोग्यांची तुलना केली. 2009 साली ती प्रसिद्ध झाली. ज्यांना झोपवलं होतं त्यांचा मध्यम जीवनकाळ 12 दिवस निघाला, ज्यांना झोपवलं नव्हतं त्यांचा 9. झोपेने आयुष्य वाढतं असा अर्थ यातून कोणी काढू नये, पण ते तोडलं गेल्याचं दिसत नाही. 2015 साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही नीट दिलेल्या सेडेशनने मरण लवकर आल्याचा पुरावा सापडला नाही. आजार मारतो; औषध त्या काळात माणसाला शुद्धीवर असण्याच्या यातनेतून बाजूला घेतं.

तरीही हे इंजेक्शन देणाऱ्याच्या मनातला काटा निघत नाही, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. दर काही तासांनी औषध द्यायचं म्हटलं, की त्यातलं कुठलं तरी एक इंजेक्शन शेवटचं ठरणारच. ते ज्याच्या हातून गेलं, त्या नर्सला किंवा त्या धाकट्या मुलाला वर्षानुवर्षं वाटत राहतं, की माझ्या सुईने गेला. हे त्याला आधी समजावून सांगितलं पाहिजे, नंतर नव्हे. डॉक्टरने घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून म्हणावं, “ते याच आठवड्यात जाणार आहेत. औषध दिलं तरी, नाही दिलं तरी. औषधाने एवढंच होईल, की ते तळमळत जाणार नाहीत.” या तीन वाक्यांना पाच मिनिटं लागतात, आणि ती न बोलल्याने एक माणूस उरलेला जन्म पोखरला जातो.

दुसरा काटा अन्नपाण्याचा. “उपाशी मारायचं का बापाला?” हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि तो प्रेमातूनच येतो. मरणाच्या अखेरच्या दिवसांत शरीराची भूक आणि तहान स्वतःहून मावळलेली असते. मूत्रपिंडं मंदावतात; बाटलीतून चढवलेलं पाणी मग पायांत, फुप्फुसांत साचतं आणि श्वासाची घरघर वाढते. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसणं, हा तहानेवरचा त्या वेळचा खरा उपाय असतो. मात्र हिशोब काळाचा आहे. मरण काही तासांवर किंवा दिवसांवर असेल, तर झोपेत पाणी न मिळाल्याने काही बिघडत नाही. ते महिन्यांवर असेल आणि माणसाला गाढ झोपवून पाणी तोडलं, तर मारणारी गोष्ट आजार नसून तहान ठरेल. म्हणून डच डॉक्टरांच्या संघटनेच्या सूचनांनी सतत गाढ झोपवण्याला एक-दोन आठवड्यांच्या आत मरण अपेक्षित असण्याची अट घातली. ही अट जिथे सैल होते, तिथे मला भीती वाटते.

आणखी एक गोंधळ खानदेशात आणि सगळीकडेच आहे: मॉर्फिन म्हणजे मरणाचं औषध. मॉर्फिन वेदनेचं आणि दम लागण्याचं औषध आहे. झोपवायला ते वापरणं चुकीचं, कारण मात्रा नको इतकी वाढली तर गुंगीबरोबर स्नायूंचे झटके आणि भ्रमही येतो. वेदनेवर मात्र त्याला तोड नाही. जर्मनीतल्या पाडरबोर्नमध्ये फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाच्या विशीतल्या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून ते वेगळं काढलं आणि ग्रीकांच्या स्वप्नांच्या देवाचं नाव दिलं.

आणि अफू तर आपल्या दारावरून गेलेली. धुळ्याहून आग्रा रस्त्याने निघालं, की शिरपूर, पळासनेर, मग बिजासनचा घाट चढून सेंधवा, पुढे नर्मदा ओलांडली की माळवा. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू ज्या वाटांनी मुंबईला आणि तिथून जहाजाने चीनला जाई, त्यांतली एक वाट हीच. आजही सरकारी परवान्याने अफू पिकते ती मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात, नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे, आणि अफूचा चीक कायदेशीरपणे निर्यात करणारा भारत हा जगातला एकमेव देश आहे. अशा देशात 1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि डॉक्टर, औषधदुकानदार, दवाखाने सगळेच घाबरले. एका गोळीच्या साठ्यासाठी चार-पाच परवाने, चूक झाली तर तुरुंग. सबंध देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर घसरत 1997 साली 18 किलोपर्यंत खाली आला. त्यातून वाट काढली ती केरळने. कालिकतला 1993 साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, आणि हळूहळू शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार असे साधे लोकच घरोघरी रोग्यांना भेटायला लागले. 2014 साली कायदा दुरुस्त झाला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या दवाखान्याला एका परवान्यावर मॉर्फिन ठेवता येतं. तरीही 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशोब मांडला, तेव्हा भारतातल्या गरजेच्या फक्त 4 टक्के वेदनाशामक ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची औषधं, रोग्यांपर्यंत पोचत असल्याचं दिसलं.

या आकड्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. साधं मॉर्फिन न मिळाल्याने जी वेदना ‘उपायांना न जुमानणारी’ वाटते, ती खरं तर उपायच न मिळालेली असते. तिच्यावर झोपेचा उतारा देणं म्हणजे माणसाची शुद्ध घालवून औषधाची टंचाई झाकणं. युरोपातल्या परिषदांत जास्त झोपवलं जातंय का, यावर वाद होतात. नेदरलँड्समध्ये 2015 साली सुमारे 18 टक्के मृत्यूंच्या आधी सतत गाढ झोपवलं गेलं होतं. तापीकाठच्या गावातला प्रश्न याच्या उलट टोकाला आहे.

पण समजा सारं मिळालं: मॉर्फिन, मिडाझोलम, नर्स. तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत खोल वाटतो. मरताना जागं असण्याला काही मोल आहे का?

या प्रश्नाचा आपल्या मातीत एक पत्ताच आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी कैद्यांना गीता सांगत. साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेतले पूर्वीचे शिक्षक, ती बोलणी उतरवून घेत. त्याचंच पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. त्यातलं आठव्या अध्यायावरचं प्रवचन 10 एप्रिलचं. गीतेचा तो अध्याय प्रयाणकाळाचा आहे: शेवटच्या क्षणी मनात काय असावं, आणि ते तेव्हा असावं म्हणून आयुष्यभर काय करावं. दगडी भिंतींच्या आड, उन्हाळा तापत असताना, कैदी एकत्र बसून मरणाच्या जाणिवेबद्दल ऐकत आहेत, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. पुढे पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर 1982 मध्ये, हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. त्याआधी 1955 साली कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जाण्याचं जैन व्रत, घेऊन शांतपणे प्राण सोडले होते. जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी जैन घरांत संथारा, म्हणजे हेच व्रत, हा आदराचा विषय आहे; 2015च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तो गुन्हा ठरवला, तेव्हा महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

ज्या माणसाने जन्मभर शेवटच्या श्वासाला नाम ओठांवर असावं म्हणून साधना केली, त्याला न विचारता झोपवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तितकाच अन्याय म्हणजे, वाताने भरकटलेल्या, वेदनेने पिळवटलेल्या माणसाला ‘शुद्धीत गेला पाहिजे’ म्हणून तसंच ठेवणं. वातात शुद्ध असते कुठे? तिथे नाम नसतं, फक्त भीती असते. काही वेळा हलकी गुंगीच माणसाला इतकं शांत करते, की तो हाकेला ओ देतो, हात दाबतो. मात्रा कमी-जास्त करता येते, हे किती मोठं वरदान आहे! आणि गाढ झोपेतही कान अगदी बंद असतीलच असं नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॉस्पिसमधल्या प्रतिसाद न देणाऱ्या रोग्यांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजल्या. सुरांतला बदल काहींच्या मेंदूने मरणाला काही तास उरले असतानाही टिपला. त्यांना शब्द कळत होते असं यातून सिद्ध होत नाही. पण आजी-आजोबांच्या कानाशी नाव घेत बसणाऱ्या आपल्या बायका अगदीच व्यर्थ बसत नसाव्यात.

म्हणजे खरा पेच औषधाचा नाही, विचारण्याचा आहे. आणि विचारायचं कोणाला? आपल्या घरांत पहिली सूचना डॉक्टरच्या केबिनबाहेरच दिली जाते: “बाबांना सांगू नका, ते खचतील.” थोरला मुलगा ठरवतो, काका मान हलवतात, आणि ज्याचं मरण आहे त्याला शेवटपर्यंत ‘बरं वाटेल हं’ सांगितलं जातं. मग तळमळ सुरू झाली, की झोपवण्याची संमती कोणाकडून घ्यायची? त्याच्याकडून घ्यायची वेळ तर निघून गेलेली असते. मला वाटतं, या उपचारातलं सगळ्यात मोठं नैतिक संकट हे आहे, आणि ते कुपीच्या कितीतरी आधी, जेवणाच्या ताटावर घडतं. तोंडाने विचारायचं झालं तर काही अवघड नाही: “दादा, पुढे त्रास फार वाढला, तर झोपेचं औषध चालेल का? की जागं राहायचंय?” माणसं याचं उत्तर देतात. बरेचदा ती ते आधीपासून तयारच ठेवून बसलेली असतात.

कायद्याने विचारण्याची एक वाट करून दिली आहे. केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानभाग 1973च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अन्न थांबवण्याची परवानगी नाकारली, पण कृत्रिम उपचार थांबवण्याचं तत्त्व मान्य केलं. 2018 साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लिव्हिंग विल, दोन्ही मान्य केले. 2023च्या जानेवारीत अटी सोप्या केल्या: आता न्यायदंडाधिकारी लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. व्हेंटिलेटर काढणं आणि तळमळीवर झोपवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला न्यायालयाची किंवा वैद्यकीय मंडळाची परवानगी लागत नाही. पण आपली इच्छा त्याच कागदावर लिहून ठेवायला कोणी अडवलेलं नाही.

एका प्रश्नावर मी अजून एका बाजूला झुकू शकत नाही. शरीर शांत आहे, वेदना आवरलेली आहे, पण माणूस म्हणतो, “आता पुरे, मला हे बघायचं नाही, झोपवा.” फ्रान्सने 2016 साली कायदा करून, असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यात ठरावीक अटींवर मरेपर्यंत गाढ झोप मागण्याचा हक्कच दिला. मनाचं दुःख शरीराच्या दुःखाइतकंच खरं असतं, यात मला शंका नाही. पण ते चंचल असतं, मंगळवारी असह्य आणि गुरुवारी नातू आल्यावर सह्य. म्हणून अशा वेळी अनुभवी डॉक्टर आधी तात्पुरती झोप देतात, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांची, आणि मग पंप मुद्दाम हळू करतात. मिडाझोलम शरीरातून काही तासांत उतरतं, माणूस जागा होतो. त्याला पुन्हा विचारतात. काही जण म्हणतात, पुन्हा झोपवा. आणि काही जण, दोन रात्रींची झोप मिळाल्यावर, थोडा वेळ उठून बसतात, चहा मागतात, आणि पुढचे दिवस औषधाशिवाय जागेपणी काढतात.